तारुण्य सरलं, पीटिका उरल्या

मधलीसुट्टी

वय ३४. सोळाव्या वर्षी सगळ्यांनी सांगितलं होतं, "वयाचं आहे, विशीत आपोआप जातील." विशी गेली, तिशी उलटली, भांगात पहिला पांढरा केस आला, पण हनुवटीवर अजून दहावीचाच वर्ग भरतोय. परवा सकाळी एकाच आरशात पांढरा केस आणि पिकलेला फोड असे दोघं शेजारी शेजारी दिसले. आधी कोणाकडे बघावं तेच कळेना.

शाळेत असताना कपाळावर बारीक बारीक पुरळ यायचं, नाकावर काळे ठिपके असायचे. आताचा प्रकार निराळा आहे. जबड्याच्या कडेला आणि हनुवटीखाली आत कुठेतरी गाठ येते. तोंड नाही, पू नाही, बाहेरून नुसती लाली, पण बोट लागलं की ठणका डोक्यात जातो. पाळीच्या चार-पाच दिवस आधी हमखास. दहा-बारा दिवसांनी गाठ बसते आणि जाताना तपकिरी डाग ठेवून जाते. तो डाग तीन महिने मुक्कामाला. तो फिकट होईतो शेजारी नवी गाठ हजर!

आता खरं सांगते. रात्री साडेअकराला घरातले झोपले की मी बाथरूमचा दिवा लावते, दोन्ही तर्जन्यांना टिश्यू गुंडाळते आणि आरशाला नाक टेकवून उभी राहते. पिळायचं नाही हे मला पक्कं माहीत आहे. पाच मिनिटांनी तिथे आधीच्या दुप्पट सूज असते, वर एक ओलसर खपली, आणि मी बर्फ शोधत असते. महिन्यातून दोनदा तरी हा प्रयोग होतो.

आजवर काय काय लावलं? सॅलिसिलिकचा फेसवॉश, नायसिनमाइड, व्हिटॅमिन सी, कोळशाचा मास्क, टूथपेस्टसुद्धा. प्रत्येकाला दोन आठवडे दिले, फरक नाही म्हणून पुढची बाटली. कप्प्यात आज मोजल्या, अकरा अर्धवट बाटल्या निघाल्या.

विचारायचंय ते असं : हे लहानपणीचेच मुरुम आहेत की वेगळं काही? तपासण्या करून घ्याव्यात का? आणि चाळिशीनंतरही हे राहिलेलं कोणी आहे का इथे? कृपा करून पाणी भरपूर प्या असं कोणी लिहू नका.

रिकामटेकडा

पाणी भरपूर प्या.
(पळालो.)

आडवाटेची

मी आहे, वय ४३. आणि माझं तर उलटंच आहे. शाळा-कॉलेजात एक पुटकुळी नाही, मैत्रिणी हेवा करायच्या. २९ व्या वर्षी सुरू झालं ते अजून चालूच. त्यामुळे "लहानपणीचंच राहिलंय" हे सगळ्यांना लागू नाही. बाकी जबड्याची कड, पाळीच्या आधी, आतली गाठ हे सगळं डिट्टो.

मला सगळ्यात जास्त त्रास फोडांचा नाही, बोलण्याचा होतो. भेटल्या भेटल्या माणसं डोळ्यांकडे न बघता हनुवटीकडे बघतात आणि म्हणतात, "अगं, हे काय झालं?" जसं काही मला आत्ता त्यांच्याकडूनच कळतंय.

आजीचाबटवा

मधलीसुट्टी ताई, एवढी रसायनं कशाला? अर्ध्या लिंबाचा रस कापसाने लावायचा, वाळला की धुवायचा. माझ्या भाचीचे आठ दिवसांत गेले.

शंकासुर

भाचीचे आठ दिवसांत गेले कारण आतली गाठ सोडली तर बहुतेक फोड आठ-दहा दिवसांत जातातच. लिंबू लावा, शाई लावा, नाहीतर नुसतं भिंतीकडे बघत बसा. न लावता किती दिवसांत गेले असते हे कोणी मोजलंय का?

पांढराकोट

शंकासुरांशी सहसा माझं पटत नाही, आज पटलं. लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो, त्वचेचं वरचं संरक्षक आवरण त्याने दुखावतं. त्यातून उन्हात गेलात तर लिंबूवर्गातल्या रसांमुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन गडद चट्टे उठू शकतात. टूथपेस्टही नको, ती दातांच्या कवचासाठी बनवलेली असते. आजीच्या बटव्याबद्दल राग नाही, फक्त या दोन वस्तू त्यातून काढा.

आता मूळ प्रश्न. त्वचारोग हाच माझा व्यवसाय आहे, पण इथे मी कोणाला तपासलेलं नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

रोग तोच आहे. केसाच्या मुळाशी तेल बनवणारी ग्रंथी असते. ते तेल एका अरुंद वाटेने बाहेर येतं. वाटेच्या भिंतीवरच्या मृत पेशी गळून न पडता एकमेकींना चिकटल्या की तिथे बूच बसतं. मागे तेल तुंबतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू माजतो, आणि मग शरीर तिथे सूज आणतं. हा जिवाणू सगळ्यांच्याच त्वचेवर असतो, तेव्हा तुम्ही चेहरा नीट धूत नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही. काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे, त्यामुळे तो घासून निघत नाही. घासल्याने सूज मात्र वाढते.

पंचविशीनंतरही मुरुम येत असतील तर त्याला प्रौढ वयातले मुरुम म्हणतात. स्त्रियांमध्ये ते जास्त दिसतात. काहींचे किशोरवयापासून चालू राहिलेले असतात, काहींचे आडवाटेची यांच्यासारखे उशिरा सुरू होतात. तेलग्रंथी अँड्रोजेन म्हणजे पुरुषी समजल्या जाणाऱ्या (पण स्त्रियांतही असणाऱ्या) संप्रेरकांचा हुकूम पाळतात. गंमत अशी की बहुतेक जणींच्या रक्तात ही संप्रेरकं अगदी नॉर्मल असतात, ग्रंथीच जरा जास्त हळव्या असतात. म्हणून सरसकट सगळ्यांनी रक्त तपासत बसायची गरज नाही. पण पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा छाती-पोटावर राठ केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर पीसीओएसच्या (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) दिशेने तपासणी जरूर करा. मुरुम अचानक, जोरात आणि आवाज घोगरा होण्याबरोबर आले तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि या अकरा बाटल्यांबद्दल. आज दिसलेला फोड आज झालेला नसतो. ते बूच डोळ्यांना दिसण्याआधी कित्येक आठवडे, अगदी दोन महिन्यांपर्यंत, आत घडत असतं. आज लावलेलं औषध पुढचे फोड अडवण्यासाठी असतं, आत तयार होऊन बसलेले वर येणारच. दोन आठवड्यांत बाटली बदललीत म्हणजे तुम्ही एकाही औषधाची परीक्षा घेतलेली नाही. तुम्ही फक्त जुने फोड अकरा वेळा मोजलेत. कमीत कमी १२ आठवडे एकच गोष्ट.

मधलीसुट्टी

"जुने फोड अकरा वेळा मोजलेत." हे वाक्य कप्प्याच्या दारावर चिकटवते.

म्हणजे काल काय खाल्लं आणि आज कुठे उठलं याची मी जी वही ठेवली होती ती पण फुकटच?

पांढराकोट

कालचा आणि आजचा हिशेब लावायला, हो, फुकट. खाण्याचा काहीच संबंध नाही असं मात्र नाही. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारा आहार आणि मुरुम यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो. दुधाचा, त्यातही साय काढलेल्या दुधाचा, संबंध काही पाहण्यांत दिसलाय, पण तो तितका भक्कम नाही. तेलकट खाल्लं म्हणून तेल चेहऱ्यावर आलं असं होत नाही.

डंबेल

पुरुषांनी इथे लिहिलं तर चालेल ना? वय ३१. व्यायामशाळेत जायला लागल्यावर व्हे प्रोटीन सुरू केलं आणि पाठ-खांदे-गाल सगळीकडे मोठे लाल फोड. प्रोटीन बंद केलं, दोन-तीन महिन्यांत निम्मे झाले. योगायोग असेलही, पण मी परत सुरू केलेलं नाही.

त्याच्या मधे मी एक गाढवपणा केला तोही सांगतो. एका मित्राने "हे लाव, तीन दिवसांत साफ" म्हणून ट्यूब दिली. खरंच तीन दिवसांत लाली गायब! मी खूश, चार महिने लावलं. बंद केलं की चेहरा पेटायचा, लालबुंद, ऊन सहन होईना, म्हणून परत लावायचो. शेवटी डॉक्टरांनी ट्यूब मागवून घेतली आणि बारीक अक्षरांतलं नाव माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं : बीटामेथासोन. स्टेरॉइड. चेहरा ताळ्यावर यायला वर्ष गेलं.

पांढराकोट

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. स्टेरॉइड सूज दाबतं म्हणून आधी जादू वाटते. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तिथे लव वाढते आणि वर स्टेरॉइडचेच मुरुम येतात. "तीन दिवसांत साफ" असं कोणी म्हटलं की ट्यूबवरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर मुरुमांवर लावू नका.

काळजीवाहू

मी याच खड्ड्यातून दीड वर्षापूर्वी बाहेर आले, म्हणून कोणी न सांगितलेल्या गोष्टी लिहिते.

मला ॲडापॅलीन ०.१ टक्के आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी ॲडापॅलीन फक्त फोडांवर टिकल्यांसारखं लावलं. चूक! ते जिथे फोड आहे तिथे नाही, जिथे येतात त्या सगळ्या भागावर लावायचं. दुसऱ्या दिवशी उत्साहात थापलं आणि नाकाच्या कडेचं कातडं कागदासारखं सुटलं. बरोबर माप म्हणजे वाटाण्याएवढा एक गोळा, अख्ख्या चेहऱ्याला. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पसरायचे. डोळ्यांच्या, ओठांच्या आणि नाकपुडीच्या कडा सोडायच्या. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर परत मॉइश्चरायझर असं केलं तेव्हा जळजळ थांबली. सुरुवातीला एक रात्रीआड, मग रोज.

बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवतं. माझा जांभळा टॉवेल बघता बघता नारिंगी ढगांचा झाला. नवऱ्याला वाटलं मी त्यावर ब्लीच सांडलं. उशीचा अभ्राही गेला, त्यावर माझ्या उजव्या गालाचा नकाशा उमटलाय.

आणि चौथ्या आठवड्यात चेहरा आधीपेक्षा वाईट झाला. तिथे बऱ्याच जणी सोडून देतात.

शंकासुर

वाईट झालं तरी चालू ठेवा? कुठल्याही औषधाबद्दल असं म्हणता येईल की.

पांढराकोट

रास्त शंका. ॲडापॅलीनसारखी रेटिनॉइड गटाची औषधं बूच मोकळं करण्याचं काम वेगात करतात, त्यामुळे आत दडलेले फोड पहिल्या काही आठवड्यांत एकदम वर येऊ शकतात. ते नेहमीच्याच जागी येतात आणि हळूहळू ओसरतात. पण भगभग, सूज, खाज असेल किंवा जिथे कधीच मुरुम नव्हते तिथे पुरळ उठलं, तर ती त्वचेची तक्रार समजायची आणि थांबायचं. तीन महिन्यांनीही सुधारणा नाही, तर ते औषध तुमचं नाही.

आणखी एक. सगळे पुरळ मुरुम नसतात. कपाळावर आणि छातीवर एकाच मापाच्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या असतील तर ती मॅलसेझिया या बुरशीची करामत असू शकते. तिच्यावर अँटिबायोटिक घेतलं तर ती वाढूही शकते. गाल-नाक सतत लाल, गरम, आणि एकही काळा-पांढरा ठिपका नाही, असं असेल तर रोझेशिया या वेगळ्या त्वचारोगाचा विचार करावा लागतो. ओठांभोवती बारीक पुरळ आणि ओठांच्या लगत एक स्वच्छ पट्टी सुटलेली, हे आणखी तिसरंच. म्हणून सहा महिने स्वतःवर प्रयोग करण्यापेक्षा एकदा दाखवून घ्या.

आडवाटेची

स्पायरोनोलॅक्टोनबद्दल कोणाचा अनुभव? माझ्या डॉक्टरांनी सुचवलंय. माहितीपत्रकावर रक्तदाबाचं औषध असं वाचून मी घाबरून आले. मला रक्तदाब नाही.

पांढराकोट

मूळचं ते शरीरातलं जादा पाणी काढायला आणि रक्तदाबासाठीच वापरलं जातं. पण ते अँड्रोजेनचा परिणामही अडवतं, म्हणून स्त्रियांच्या मुरुमांसाठी त्वचातज्ज्ञ ते बरीच वर्षं देताहेत. २०२३ साली इंग्लंड-वेल्समधल्या ४१० स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. १२ आठवड्यांनी फरक बेताचा होता, २४ आठवड्यांनी ठळक. पुन्हा तेच, वेळ. गरोदरपणात ते चालत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पाळी पुढे-मागे होऊ शकते. पुरुषांना मुरुमांसाठी देत नाहीत, छाती वाढू शकते. डंबेल, तुम्ही विचारण्याआधीच सांगितलं.

डंबेल

विचारणारच होतो :)

कोवळेऊन

इथे विषय निघालाच आहे तर... आम्ही बाळाचा विचार करतोय. माझ्या ट्यूबवर ट्रेटिनॉइन लिहिलंय.

पांढराकोट

मग ती ट्यूब आत्ताच बाजूला ठेवा आणि ज्यांनी दिली त्यांना फोन करा. ट्रेटिनॉइन हेही रेटिनॉइडच, आणि रेटिनॉइड गरोदरपणात, आणि त्याची तयारी चालू असतानाही, टाळतात. ॲझेलेइक ॲसिड चालतं, मुरुम आणि डाग दोन्हींवर काम करतं. जरा मुंग्या आल्यासारखं चुरचुरतं, तेवढं सोसावं लागेल.

कोरडेओठ

नावावरून ओळखलंच असेल, मी आयसोट्रेटिनॉइन (हट्टी मुरुमांवरच्या, ओठ कोरडे पाडणाऱ्या रेटिनॉइड गोळ्या) घेतलेला माणूस. वय ३६, पाठीवर आणि जबड्यावर गाठी, दोनदा अँटिबायोटिकचे कोर्स करून झाले होते. बंद केलं की दीड महिन्यात परत तेच.

सात महिने गोळ्या. ओठांना दिवसातून पंधरा वेळा पेट्रोलियम जेली, प्रत्येक खिशात एक डबी. नाकातून थोडं रक्त यायचं. यकृत आणि कोलेस्टेरॉलसाठी अधूनमधून रक्त तपासायचे. त्या काळात आणि नंतर महिनाभर रक्तदान बंद, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. स्त्रियांना याच कारणाने गर्भनिरोधनाची फार कडक अट असते. मन उदास झालं तर लगेच सांगायला बजावलं होतं. मला तसं झालं नाही, पण बायकोला लक्ष ठेवायला सांगून ठेवलं होतं.

आता दोन वर्षं झाली. कधीमधी एखादी पुळी येते. मी तिच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा बघतो.

मधलीसुट्टी

पाच आठवडे झाले, म्हणून लिहितेय. डॉक्टरांना दाखवलं. रात्री ॲडापॅलीन, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि सनस्क्रीन. पाळी नियमित म्हणून तपासण्या नाहीत. पहिल्या आठवड्यात हनुवटीचं कातडं सोललं, दुसऱ्यात बरं वाटलं, आणि आता एकदम सहा गाठी! काल बाथरूममध्ये टिश्यू गुंडाळून उभी होते. पिळली. उगाच खोटं कशाला बोलू.

काळजीवाहू

अगं, पाचवा आठवडा असाच असतो. हायड्रोकोलॉइडचे गोल चिकटपट्टे मिळतात ते संध्याकाळीच लावून टाक. आतल्या गाठीवर फार काही करत नाहीत, पण बोट आणि फोड यांच्या मधे भिंत उभी राहते. माझी सवय औषधाने नाही, या पट्ट्यांनी गेली. आणि बाथरूममधला भिंग लावलेला आरसा असेल तर कपाटात टाक.

पांढराकोट

एखादी मोठी गाठ फारच दुखत असेल तर दवाखान्यात तिच्यात अगदी थोड्या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवसांत बसते. हे स्टेरॉइड आणि डंबेल यांची ट्यूब यात गल्लत नको, इथे एकाच गाठीत, मोजून, एकदा दिलेलं असतं.

आडवाटेची

डागांचं काय करता सगळे? माझे फोड कमी झाले तर लोक म्हणतात अजून आहेतच की. ते डाग असतात.

पांढराकोट

डाग आणि खड्डा वेगळा. बोट फिरवा. त्वचा सपाट लागली तर डाग, म्हणजे सूज येऊन गेल्यावर मागे राहिलेला रंग. तो जातो, पण महिने घेतो, आणि ऊन लागत राहिलं तर आणखी रेंगाळतो. सावळ्या त्वचेवर तो जास्त गडद आणि चिवट असतो. नुसतं अतिनील किरण अडवून भागत नाही, दिसणारा प्रकाशही रंग वाढवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन अशांना जास्त उपयोगी. बोटाला खळगा लागला तर तो व्रण. त्याला क्रीम पुरत नाही, मायक्रोनीडलिंगसारखे (त्वचेत बारीक सुया टोचण्याचे) उपचार लागतात, आणि तेही फोड येणं थांबल्यावर. भिंत ओली असताना रंग देत नाहीत ना, तसं.

मधलीसुट्टी

चौदा आठवडे झाले.

या पाळीच्या आधी एकच गाठ आली, छोटी, चार दिवसांत बसली. डाग आहेत. कपाळ स्वच्छ आहे. गेल्या महिन्यात दोनदा पिळायला उभी राहिले आणि दोन्ही वेळा पट्टी लावून झोपले. दहा बाटल्या टाकून दिल्या, अकरावी मॉइश्चरायझर निघाली ती वापरतेय.

फार गोरीगोमटी काचेसारखी त्वचा वगैरे काही झालेली नाही. परवा एक जण भेटली, बराच वेळ बोलली, आणि जाताना म्हणाली, "केस पांढरे व्हायला लागले गं तुझे."

आडवाटेची

हा हा हा! अभिनंदन, बढती मिळाली.

डॉक्टरांनी हे पुढे किती दिवस लावायला सांगितलंय?

मधलीसुट्टी

तेच विचारलं. म्हणाले फोड गेले म्हणून ॲडापॅलीन बंद करू नका, फोड न येण्यासाठीच ते आहे. सहा महिन्यांनी परत बघू.

शंकासुर

एक प्रश्न आहे. मित्रासाठी. वय ३९. चेहरा ठीक, पाठीवर मात्र बरेच. क्रीम लावायचं तर हात पोचत नाही आणि लावून देणारं घरात कोणी नाही.

रिकामटेकडा

मित्राला म्हणावं पाणी भरपूर प्या.

पांढराकोट

मित्राने बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश घ्यावा. आंघोळीच्या वेळी लांब दांड्याच्या मऊ स्पंजने पाठीला लावायचा, घासायचं नाही. दोन-पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा, मग नीट धुवायचा. व्यायामानंतर घामाचा कपडा लगेच बदलायचा. डोक्याचा कंडिशनर पाठीवर ओघळत असेल तर आधी डोकं, मग पाठ. १२ आठवड्यांत फरक नाही पडला किंवा गाठी मोठ्या झाल्या तर मित्राने दाखवायला यावं.

काळजीवाहू

आणि मित्राला सांगा, टॉवेल पांढरा घ्या. बनियनही पांढराच.